गोड्या पाण्याची बेटं

सिंधुदुर्ग किल्ल्यात तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. तटापलीकडे अरबी समुद्र आपटत असतो आणि तटाच्या आत, हाकेच्या अंतरावर, या बावींचं पाणी गोडं असतं. कुणा माणसांनी पाण्याला दूध, दही, साखर अशी नावं दिली असतील? ज्यांना चारी बाजूंनी पाणी दिसत होतं आणि त्यातला थेंबही पिता येत नव्हता, त्यांनी.

दिवाळी आटोपली की आपल्याकडे डिसेंबरच्या सुट्टीचे बेत सुरू होतात आणि बेट म्हटलं की मालदीव, बाली, फुकेत ही नावं निघतात. निळं पाणी, माड, पांढरी वाळू. उष्ण कटिबंधातल्या बेटाची ही ओढ मुळात थंड देशांतल्या माणसांची आहे. सहा महिने सूर्यासाठी तळमळणाऱ्यांनी ती जगभर पसरवली. आपण तर त्या कटिबंधातच राहतो. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आहे आणि सगळा महाराष्ट्र त्याच्या दक्षिणेला. मालवण सोळा अंशांवर आहे. माड, उबदार समुद्र, प्रवाळ, कांदळवन: मुंबईहून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर हे सगळं आहे. तरीही कोकणातलं बेट म्हणजे ‘परवडत नाही म्हणून’ केलेली तडजोड, असं बोलताना मी अनेकांना ऐकलं आहे. ते मला मान्य नाही, आणि त्याचं कारण त्या बावींच्या पाण्यातच आहे.

डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी माले इथल्या खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली. सुमारे लाखभर लोकांच्या नळांचं पाणी गेलं. भारताने विमानांतून आणि नौदलाच्या जहाजांतून तिथे पिण्याचं पाणी पाठवलं. ‘ऑपरेशन नीर’ असं त्या मोहिमेचं नाव होतं. प्रवाळाच्या सपाट बेटावर लाखभर माणसं एकत्र राहू लागली की वाळूखालचं पावसाचं पाणी पुरत नाही आणि ते खराबही होतं. मग समुद्राचं पाणी यंत्रातून गोडं करावं लागतं आणि त्या यंत्राला इंधन लागतं. तिथल्या लोकांचा यात दोष नाही. पण बेटावरची सुट्टी कशाच्या जिवावर उभी असते, ते त्या दिवसांत उघडं पडलं.

आपल्या बेटांचा इतिहास नेमका या पाण्याच्या प्रश्नापासून सुरू होतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याविषयी जे सांगितलं आहे, त्यात आधी पाणी पाहण्याची ताकीद आहे. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, एकाच झऱ्यावर विसंबू नये, साठा जपावा, असं अमात्य बजावतात. ही अठराव्या शतकाच्या सुरुवातीची नोंद असली तरी त्यामागचा अनुभव शिवकाळातला आहे.

कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. मालवणच्या किनाऱ्यावर ‘मोरयाचा धोंडा’ आजही आहे. गणपती, सूर्य आणि चंद्र कोरलेल्या त्या खडकापाशी पूजा झाली, असं मानतात. बेट साधारण ४८ एकरांचं, आणि तट बेटाच्या कडेकडेने असा वळत जातो की जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे. तिथली शिवाजी महाराजांची मूर्ती आपल्या नेहमीच्या ओळखीची नाही. दाढी नाही, डोक्यावर दर्यावर्दी माणसाची टोपी. दर्याचा राजा दर्यावर कसा असावा, हे मालवणच्या माणसांनी आपल्या मनाने ठरवलं, असं ती मूर्ती पाहताना मला नेहमी वाटतं.

आणि त्या बावी. कोकणात पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. लहान बेटावर मुरलेलं पावसाचं पाणी खडकाच्या भेगांत, मातीत साठतं. ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्याने त्याच्यावर तरंगून राहतं. मर्यादेत उपसलं तर पुढच्या पावसापर्यंत पुरतं. हाव केली की खालून खारं पाणी वर चढतं, आणि चढलेलं खारं पाणी सहजी उतरत नाही. सिंधुदुर्गात आजही काही कुटुंबं राहतात. होड्या बंद झाल्या की पावसाळ्यात त्यांच्यापैकी बरेच जण गावात येतात. साडेतीनशे वर्षं हे बेट माणसांचं राहिलं आहे, त्यात उपशाची मर्यादा पाळण्याचाही वाटा असावा.

जंजिऱ्याच्या सिद्दीचंही बळ तेच. तोफा सगळे दाखवतात, पण वेढ्यात टिकवलं ते आतल्या गोड्या पाण्याच्या मोठ्या तलावांनी. हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गातही पाण्याची सोय केलेली आहे. खांदेरीची गोष्ट मात्र थांबून सांगायला हवी. मुंबईच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर १६७९ मध्ये मराठा आरमाराच्या मायनाक भंडाऱ्याने माणसं उतरवली आणि तट बांधायला घेतला. इंग्रजांची मोठी गलबतं आडवी आली. त्यांना वारा लागे, खोल पाणी लागे. मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांवर चालत आणि उथळ पाण्यातून, खडकांमधून, रात्रीच्या अंधारात सामान आणि शिधा घेऊन बेटाला लागत. इंग्रजांनी महिनोन्‌महिने पाळत ठेवली तरी ही ये-जा तुटली नाही. १६८० च्या सुरुवातीला त्यांनी नाद सोडला. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चारही सागरी किल्ले २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. खांदेरीवर किनाऱ्यावरच्या थळ गावचे कोळी आजही वेताळदेवाला जातात, आणि ठोकली की धातूसारखी वाजणारी शिळा तिथे आहे. जायचं तर थळला होडीची आणि परवानगीची आधी चौकशी करा.

मुंबईजवळचं दुसरं बेट घारापुरी. तिथून आपण लेणी बघून तीन तासांत परततो. त्या बेटावर राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत हे अनेकांच्या लक्षातही येत नाही. गेटवेपासून अकरा किलोमीटरवरच्या या वस्त्यांना कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून. रात्री समोर मुंबई झगमगत असताना त्यांनी सत्तर वर्षं वाट पाहिली.

आता पाण्याखाली. सिंधुदुर्गाच्या भोवती प्रवाळ आहे. १९८७ मध्ये इथे सुमारे २९ चौरस किलोमीटरचं मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. गाबीत मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला आणि तो रास्त होता, कारण त्यांचं जगणं ज्या पाण्यावर, त्याच्याविषयीचा निर्णय त्यांना न विचारता झाला. पुढे त्याच घरांतली मुलं डायव्हिंग शिकली, स्नॉर्केलिंगच्या होड्या चालवू लागली. बापाचं रापणीच्या मासेमारीचं ज्ञान मुलाला उपयोगी पडलं: ओहोटीला कुठला खडक उघडा पडतो, कुठल्या वाऱ्याला पाणी गढूळ होतं. मालदीवसारखं काचेसारखं पाणी इथे रोज मिळणार नाही. नद्या गाळ आणतात. डिसेंबर-जानेवारीत वारा पडलेला असेल तेव्हा सकाळी लवकर उतरावं. मग मेंदूसारख्या वळ्यांचे प्रवाळ, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, दगडाला चिकटलेले समुद्रफुलांचे झुबके दिसतात.

प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण तो प्राणी आहे. त्याच्या अंगात राहणारं शेवाळ त्याला अन्न आणि रंग देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की हे शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. जगभर हे वारंवार घडतं आहे. ते आपण मालवणात बसून थांबवू शकत नाही. पण त्यावर पाय ठेवून फोटो काढणं, होडीचा नांगर त्यावर टाकणं, चपाती चुरून मासे गोळा करणं, हे थांबवता येतं. जाणता गाइड पाण्यात उतरण्याआधी हेच सांगतो. जो सांगत नाही, त्याच्या होडीत बसू नका. अभयारण्यात एका वेळी किती होड्या, किती माणसं असावीत याची कडक मर्यादा हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. बावीच्या उपशाला मर्यादा असते, तशी प्रवाळालाही असते.

मालवणला जाण्याची सोय सोपी आहे. रात्री दादरहून मिळणारी तुतारी किंवा कोकणकन्या सकाळी कुडाळला सोडते. तिथून मालवण तीसेक किलोमीटर. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली. त्याआधीच्या पिढ्या भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने जात. उतरायला मोठं रिसॉर्ट शोधू नका. मालवण, तारकर्ली, देवबाग इथे न्याहारी-निवासाची घरं आहेत. सकाळी घावणे, दुपारी तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. एक दिवस कर्ली नदीच्या मुखाशी घालवा. एक दिवस वेंगुर्ल्याला जा, मांडवी खाडीत महिला बचत गट वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतो, इंजिनाचा आवाज नाही. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरच्या गुहांत पाकोळ्यांची घरटी आहेत. ती चोरीला जात होती, म्हणून त्या गुहांकडे जाण्याचा हट्ट धरू नका.

पावसाळ्यात मात्र जाऊ नका. समुद्र खवळलेला असतो, प्रवासी होड्या बंद असतात, आणि त्या दिवसांत बेटं आपलं पाणी भरून घेत असतात. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरात दर्याला नारळ दिला जातो. त्यानंतर समुद्र हळूहळू शांत होतो.

या डिसेंबरात सिंधुदुर्गात गेलात तर तटावरून फिरून झाल्यावर तिन्ही बावी शोधून बघा. होडीत जीवरक्षक जॅकेट मागून घ्या. प्यायचं पाणी घरून न्या, आणि रिकामी बाटली बेटावर ठेवू नका, परत आणा.