हौसेची चाकं

बर्मिंगहॅमला नोकरी लागली आणि शाळेपासूनचं स्वप्न पुरं केलं, 1971ची एमजीबी! पत्रा झाला, रंग झाला, राहिली चाकं. मूळची रोस्टाइल, म्हणजे रुपेरी-काळी पोलादी चाकं, गंजलेली. मला हवी होती क्रोमची, स्पोकवाली!

सेकंडहँड सेट मिळालाही. पाकीट काढणार, तेवढ्यात गॅरेजवाल्याने चाकाच्या मधल्या दात्यांवरून बोट फिरवायला सांगितलं. झिजून धारदार झालेले. ब्रेकचा जोर याच दात्यांतून चाकाला मिळतो. ते घसरले तर गाडी थांबणार कशी? शिवाय स्पोकच्या चाकांना मागचा अ‍ॅक्सलही वेगळा, अरुंद लागतो. खर्च दुप्पट!

मग रोस्टाइलच घासून रंगवली. वाचलेल्या पैशांत नवे टायर घेतले. पुढची आत दबलेली काळी जाळीही ठेवली. बरेच जण तिथे आधीच्या मॉडेलची क्रोम जाळी बसवतात, पण त्या दोन-तीन वर्षांच्या गाड्यांची ओळख तीच.

तुम्हीही जुनी गाडी घेताय? टायरवरचे चार आकडे आधी वाचा : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचं रबर नकोच.

बायको म्हणाली, 'अरे, चकाकत नाहीत ही!' म्हटलं, थांबतात ना!