मरीनाची वाळू आली कुठून?

लाट पायांवरून परत जाताना टाचेखालची वाळू सरकते आणि कशा गुदगुल्या होतात ना! पण मुलांनो, ही वाळू जाते तरी कुठे?

लाटा किनाऱ्यावर बहुधा तिरप्या येतात. त्यांच्याबरोबर वाळूचा कण तिरपा वर चढतो, पण उतारावरून परत येतो तो सरळ खाली. पुढची लाट आली की पुन्हा तिरपा वर, पुन्हा सरळ खाली. असा नागमोडी चालत तो बिचारा किनाऱ्याकाठाने पार दूर निघून जातो. चेन्नईच्या किनाऱ्यावर वर्षातले बरेच महिने लाटा दक्षिणेकडून येतात. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत हा प्रवास उलटा होतो खरा, पण वर्षाचा हिशेब मांडला तर उत्तरेकडे जाणारी वाळूच जास्त!

आता या वाटेत कुणी भिंतच घातली तर?

चेन्नईला, म्हणजे तेव्हाच्या मद्रासला, नैसर्गिक बंदर नव्हतं. जहाजं दूर समुद्रात नांगर टाकत. तिथून माणसं आणि माल होड्यांतून किनाऱ्यावर येई. त्या होड्यांच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असत. (खिळे नाहीत बरं का! शिवलेली होडी लाटेच्या दणक्याने लवते, सहसा फुटत नाही.) १८७६ मध्ये समुद्रात दगडी भिंती घालून बंदर बांधायला सुरुवात झाली. १८८१ च्या चक्रीवादळाने त्या मोडल्या, तरी पुन्हा बांधल्या.

झालं! दक्षिणेकडून येणारी वाळू भिंतीशी अडली आणि साठत गेली. पूर्वी फोर्ट सेंट जॉर्ज किल्ल्याच्या अगदी जवळ असलेला समुद्र मागे हटला. मरीनाचा किनारा रुंद रुंद होत गेला. त्याला ‘मरीना’ हे नाव दिलं गव्हर्नर ग्रँट डफ यांनी. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या, साताऱ्याच्या ग्रँट डफ यांचे हे चिरंजीव!

पण बंदराच्या उत्तरेला काय झालं? तिथली वाळू लाटा नेतच राहिल्या, नवी मात्र येईना. रोयापुरम, तिरुवोट्टियूर भागातल्या कोळ्यांच्या वस्त्यांपुढचा किनारा समुद्राने खाल्ला. होड्या ओढून ठेवायला, जाळी वाळवायला जागा उरेना. मग तिथे मोठमोठे दगड रचून बांध घातले. त्यांच्यामागची जमीन वाचली, पण वाळूची भूक काही भागली नाही. जिथे बांध संपला, तिथून पुढे किनारा झिजू लागला.

सुट्टीत समुद्रावर जाल, तेव्हा पाण्यात शिरलेली एखादी दगडी जेटी शोधा. तिच्या दोन्ही बाजूंना वाळू सारखीच साठली आहे का? कुठल्या बाजूला जास्त आहे ते पाहा, आणि तिथली वाळू कुठून येते ते ओळखा बरं!