बाहेरून धडधाकट

वाहन अपघातात मेंदूला इजा होते ती कवटी फुटल्यामुळेच, असा सर्वसाधारण समज असला, तरी वेगात असलेले डोके एकाएकी थांबले की कवटीच्या आतला मेंदू हिंदकळतो, त्याचा पुढचा व बाजूंचा भाग कवटीच्या खडबडीत तळावर घासतो आणि पेशींना जोडणारे बारीक तंतू ताणले जाऊन तुटतात. ही मोडतोड सीटी स्कॅनमध्ये पुष्कळदा दिसतही नाही. नियोजन, संयम आणि स्मरण ही कामे बरीचशी याच भागांकडे असल्यामुळे हातपाय शाबूत असलेला माणूस घरी परततो, पण पूर्वीचा राहिलेला नसतो.

कल्याण-बदलापूर रस्त्यावर दुचाकी, रिक्षा आणि एमआयडीसीकडे जाणारे ट्रक एकाच दाटीत धावतात. येथील गंभीर जखमींना शस्त्रक्रियेसाठी अनेकदा कळव्याला किंवा थेट मुंबईला हलवावे लागते. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांवरून 3 ते 15 गुण देणारी, 1974 साली मांडलेली ग्लासगो मोजपट्टी शुद्ध किती हरपली आहे हे सांगते. 8 किंवा त्याहून कमी गुण म्हणजे इजा गंभीर. वर्षभराने जखमी माणूस दुकानाचा हिशेब लिहू शकेल की नाही, हे मात्र त्या आकड्यावरून नेमके कळत नाही.

अशी इजा झालेल्या, उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या कारागिराचा हात सवयीने शिवण मारत राहतो. पण किती नग झाले, पुढचा तुकडा कोणता, हे मध्येच कोणी हाक मारली की पार पुसले जाते. बदलापूरहून सकाळची लोकल पकडणाऱ्याला गर्दी आणि गोंगाट यांनीच इतका शीण येतो की कचेरीत पोहोचण्याआधीच त्याचा दिवस संपतो. वासाची जाणीव गेलेल्या गृहिणीला दूध करपल्याचे कळत नाही आणि गॅस गळत असल्याचेही नाही. आपल्यात काही बिघडले आहे याचे भान अनेकदा खुद्द रुग्णालाच नसते, त्यामुळे घरचे ‘मुद्दाम करतो’ म्हणतात, शेजारी ‘आळशी झालाय’ म्हणतात, आणि वही, मोबाइलचा गजर, एका वेळी एकच काम, फिट येऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या वेळेवर, हे सारे सांभाळणे बहुधा बायकोच्या किंवा आईच्या अंगावर पडते. या खपण्याला आपल्याकडे काम मानण्याची रीत नाही.

कायद्याची नजरही प्रामुख्याने सुरुवातीच्या दिवसांवर आहे. 2025 च्या केंद्रीय योजनेत अपघातग्रस्ताला 7 दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार मिळतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत मात्र अपघाती मेंदूइजेला स्वतंत्र स्थान नाही, म्हणून दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी तिचे परिणाम दुसऱ्या एखाद्या प्रकारात बसवावे लागतात. शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच स्पष्ट केले, आणि 2020 मध्ये मेंदूला जबर इजा झालेल्या एका मुलीच्या प्रकरणात सांभाळणाऱ्या माणसाचा पुढील अनेक वर्षांचा खर्चही भरपाईत धरला. तरीही अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणासमोर हानी कागदांनीच दाखवावी लागते; स्मरण आणि एकाग्रता यांची मानसशास्त्रीय चाचणी झालेली नसेल, तर डिस्चार्ज कार्डावरील ‘शुद्धीवर, चालता-फिरता’ ही नोंदच विमा कंपनीच्या वकिलाच्या हाती आयती सापडते.