बोटी गेल्या, धक्का राहिला

विंचूरच्या तीनपाटीवरून मुंबईला निघालेला माणूस एसटी पकडतो, नाहीतर लासलगावला जाऊन रेल्वे. मुंबईला समुद्रातून जायचं, हे आपल्या निफाड तालुक्यात कुणाच्या स्वप्नातही यायचं नाही. थळ घाट चढून रेल्वे १८६५ साली इगतपुरीला पोचली आणि आपल्याकडचा प्रश्न तेव्हाच मिटला. कोकणाला रेल्वेसाठी १९९८ साल उजाडावं लागलं. मधली शंभरावर वर्षं चाकरमान्याची सगळी भिस्त आगबोटीवर होती. त्या बोटींचं मुंबईतलं ठिकाण म्हणजे भाऊचा धक्का.

भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. सरकारी कारखान्यात कारकुनी करणारा माणूस. होड्यांतून उतरणाऱ्या उतारूंचे हाल बघून त्यांनी धक्का बांधायचं मनावर घेतलं आणि बांधला. आजचा धक्का मूळ जागी नाही, तो माझगावला आहे. नाव तेवढं सोबत आलं. गोऱ्या गव्हर्नरांची नावं रस्त्यांना लागत होती त्या मुंबईत एका कारकुनाचं घरगुती नाव बंदराला चिकटलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

बोटी मुख्यतः बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनच्या. कोकणात त्यांना सरळ ‘शेफर्डच्या बोटी’ म्हणत. त्यांच्याशी टक्कर द्यायला स्वदेशीच्या हवेत ‘माझी आगबोट कंपनी’ निघाली. तिने बोटींना तुकाराम, रामदास अशी संतांची नावं दिली. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाझी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पणजी अशी बंदरं घेत बोट जाई. बहुतेक बंदरांत ती काठाला लागतच नसे. खोल पाण्यात उभी राहून भोंगा देई आणि किनाऱ्यावरून माणसांनी भरलेले पडाव निघत. लाटेवर पडाव वर आला की त्याच क्षणी पाऊल उचलायचं. चुकलं तर पुढच्या लाटेपर्यंत थांबायचं. पोरं, ट्रंका, फणस, कोंबड्या हातोहात वर जात. नऊवारीतल्या म्हातारीला खलाशी दंडाला धरून उचलून घेई. डेकवर सतरंजी पसरायची, भोवती सामान मांडलं की झालं बिऱ्हाड. बोट लागायची भीती सगळ्यांनाच, म्हणून लिंबू कनवटीला. कोकणी प्रवासाची कौतुकं बोटीच्या नावाने खपतात. माझ्या मते खरं कसब पडाववाल्यांचं होतं.

खुल्या समुद्रातल्या बोटी पावसाळ्यात बंद असत. जवळच्या रेवसची फेरी मात्र चाले, आणि तिथेच घात झाला. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. १९३६ साली इंग्लंडात बांधलेली ‘रामदास’ सकाळी आठच्या सुमाराला धक्क्यावरून सुटली आणि तासाभरात काशाच्या खडकाजवळ कलंडली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबईला पत्ताच नाही. रेवसकडून मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांनी पाण्यातली माणसं आपल्या होड्यांत ओढून घेतली, म्हणून काही जण वाचले. सहाशेहून अधिक माणसं गेली.

तरीही बोटी संपल्या त्या अपघातांनी नव्हे. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी आधी चौगुल्यांनी, मग मोगल लाइनने चालवल्या. पण मुंबई–गोवा रस्ता झाला, एसटी बारमाही धावू लागली आणि मुख्य म्हणजे ती गावाच्या वेशीपर्यंत जाऊ लागली. पावसाचे महिने घरी बसणारी, बंदरात उतरवून पुढे बैलगाडी शोधायला लावणारी बोट तिच्यापुढे कशी टिकणार? ऐंशीच्या दशकात ती सेवा आटोपली.

धक्का मात्र रिकामा नाही. मोरा आणि रेवसच्या लाँच इथून सुटतात. मार्च २०२० पासून मांडव्याला रो-रो जाते. मोटारी पोटात घेऊन तासाभरात पलीकडे. बघायला जायचं तर पहाटेच जावं. ट्रॉलर लागलेले असतात, बर्फाच्या पाट्या धावत असतात, सुरमई-पापलेटचे लिलाव चढ्या आवाजात चाललेले असतात. हार्बर मार्गावरचं डॉकयार्ड रोड स्टेशन जवळ पडतं. पायात जुन्या चपला घालाव्यात, कारण धक्क्यावरचं पाणी खारट असतं आणि त्याचा वास दोन दिवस जात नाही.