अपडाऊन बरे की घरचा धंदा?

मेडशीच्या स्टँडवर सकाळी साडेआठला उभे राहिले की निम्मे गाव भेटते. मालेगावला दुकानात कामाला जाणारी पोरे, पातूर-अकोल्याकडे बांधकामावर निघालेले मिस्त्री आणि त्यांच्या हाताखालच्या बाया, कॉलेजची मुले-मुली, आणि वाशिमला कचेरीत जाणारे आमच्यासारखे कारकून. अकोला-वाशिम मार्गावरचे गाव असल्यामुळे गाड्यांची ददात नाही. ददात आहे ती गाडीत पाय ठेवायच्या जागेची. या रोजच्या येण्याजाण्याला आपल्याकडे सारेच अपडाऊन म्हणतात. आम्ही गेली अठरा वर्षे अपडाऊन करतो. कोणी विचारले तर नोकरी वाशिमला असे सांगतो, पण खरे म्हणजे एक नोकरी वाशिमला आणि दुसरी एसटीत आहे. दुसरीचा पगार मिळत नाही.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि स्टँड ओस पडले. सारे सुरळीत होते न होते तोच 2021 च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला, तो 2022 च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या काळात आमच्या वस्तीतल्या किती तरी घरांनी ठरवले की दुसऱ्याच्या दारात जाण्यापेक्षा आपल्याच दारात काही तरी करावे. कोणी शिलाई मशीन घेतली, कोणी मिरची-हळदीची चक्की टाकली, कोणी पुढच्या खोलीत किराण्याच्या बरण्या मांडल्या. तेव्हापासून विहारात रविवारी वंदनेनंतर चार माणसे बसली की हा विषय निघतोच. एक म्हणतो, घरचा धंदा बरा, भाडे वाचते. दुसरा म्हणतो, नोकरी ती नोकरी, महिन्याचा पगार हाती येतो. या चर्चेत बोलणारे बहुधा पुरुष असतात, हेही येथे नमूद करतो.

आमच्या घरीही मशीन आहे. मुलांची आई ब्लाउज, पिको-फॉल, शाळेचे गणवेश शिवते. गेल्या लग्नसराईत ती म्हणाली, "तुमी बीकॉम हाय ना, मंग माह्या मशीनचा हिशेब मांडून द्या." आम्ही मोठ्या ऐटीत वही उघडली. दोरा, अस्तर, हूक, तेल, वीजबिलातला वाटा, मालेगावहून सामान आणायचे भाडे, सारे खर्चाच्या बाजूला लिहिले. शिलाई जमेच्या बाजूला. नफा काढला आणि खाली दुहेरी रेघ मारली. तिने वहीवर बोट ठेवून विचारले, "माही मजुरी कोठं लिवली?"

मजुरी हा खर्च असतो हे परीक्षेत लिहून आम्ही गुण मिळवले होते. स्वतःच्या घरच्या वहीत मात्र त्या रकमेची ओळच नव्हती.

मग पुढचा आठवडा दोघांनीही तास लिहायचे ठरवले. आमचे सोपे होते. कचेरीचे आठ तास आणि घराच्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंत जाऊन-येऊन, गाडीची वाट पाहण्यासह, तीन तास. सहा दिवसांचे अठरा तास फुकट गेले. तिचे शिवणकाम भरले छत्तीस तास, नफा 1,260 रुपये, म्हणजे तासाला 35 रुपये. पण हे छत्तीस तास सलग नव्हते. कुठे वीस मिनिटे, कुठे चाळीस. मध्ये दूध उतू गेले, मध्ये नळ आला. स्वयंपाक, पाणी, धुणे, आमच्या आईचे औषधपाणी यांचेही तास लिहायचे होते. तिसऱ्या दिवशी तिने पेन ठेवून दिला आणि म्हणाली, "लिवतच बसू का आता?"

केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात हेच देशाच्या पातळीवर दिसते. घरकाम करणारी स्त्री दिवसाला सरासरी 289 मिनिटे त्यात घालवते, पुरुष 88 मिनिटे. आणि वर्तमानपत्रातली जाहिरात म्हणते, घरबसल्या कमवा! घरी बसते कोण?

आता दुसरी बाजू. आमच्या गल्लीतली एक भगिनी मालेगावला कापडाच्या दुकानात जाते. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून तिच्यासारख्या बाया स्टँडवर पुष्कळ दिसू लागल्या. तिला महिन्याला सात हजार मिळतात. भाडे आणि वरखर्चाचे हजार गेले तर सहा उरतात. रोज अकरा तास घराबाहेर, महिन्याचे सव्वीस दिवस. तासाला एकवीस रुपयेच पडतात. आकडा सरळ घरच्या मशीनच्या बाजूने आहे. आम्ही तो तिला दाखवला. ती हसली. म्हणाली, भाऊ, तिथं शटर पडलं की दिवस संपते. सात तारखेले पैसे येतात, कोणाले मागा लागत नाही. आन् तिथं कोणी मले इचारत नाही, कोणत्या गल्लीतली हाय म्हून.

शेवटच्या वाक्यावर आम्ही बराच वेळ विचार करीत राहिलो. गावातला घरचा धंदा वस्तीच्या सीमेवर अडतो. मशीन चालते, कारण कापड ज्याचे त्याचे असते. पण आमच्या वस्तीत केलेले पापड-लोणचे गावातल्या किती घरांच्या ताटात जाते, हे वाचकांनी आपापल्या गावाचे आठवून पाहावे. हमरस्त्यावरच्या टपरीवर तोच माणूस तोच वडा विकतो तेव्हा ट्रकवाला जात विचारीत नाही. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत खेड्याच्या कौतुकावर कडक टीका केली होती, ती उगाच नव्हती. आपल्या आजोबांच्या पिढीने गाव सोडून गिरणी, रेल्वे, गोदी धरली, त्यात पगाराइतकेच हेही कारण होते. अपडाऊन करणारा माणूस सकाळी गाव सोडतो आणि रात्री परत येतो, एवढाच फरक.

घरचे काम म्हणजे मालक नसलेले काम, असाही एक भ्रम आहे. आपल्या विदर्भातल्या विडी कामगारांना विचारा. पाने आणि तंबाखू कारखानदाराचे. जागा, दिवा आणि हात आपले, बरेचदा पोरांचेही. कारखाना घरात आला, कारखान्याचा कायदा उंबऱ्याबाहेर राहिला. वळलेल्या विड्यांतून किती छाट काढायची ते ठेकेदार ठरवणार. कामठीचे बाबू हरदास, ज्यांच्या प्रयत्नाने 'जय भीम' घरोघरी गेले, 1937 साली मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून आले. त्यांनी या विडी मजुरांची संघटना बांधली, ती याच अन्यायाविरुद्ध. पुढे 1966 साली विडी कामगारांचा कायदा झाला आणि त्यात घरी विडी वळणारीलाही कामगार मानले. कारखानदार न्यायालयात गेले; 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. नोव्हेंबर 2025 पासून ते कायदे नव्या कामगार संहितांत सामावले गेले आहेत. बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने 1946 साली बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. कारखान्याला भोंगा असतो म्हणून तो नियम लागू करता आला. घरच्या मशीनला भोंगा नाही.

सोलापूरच्या विडी कामगार बायांची गोष्ट वेगळी सांगण्यासारखी आहे. घरी काम करायचे तर आधी घर लागते, हे त्यांनी ओळखले. संघटनेच्या बळावर लढून कुंभारी येथे दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, 2006 साली चाव्या मिळाल्या. आपल्याकडे दहा बाय दहाच्या खोलीत मशीन, पाळणा, चूल आणि अभ्यासाला बसलेले पोर एकत्र असते. पावसाळ्यात पत्रा गळतो तेव्हा आधी गिऱ्हाइकाचे कापड उचलावे लागते, मग पोराचे दप्तर.

आणि मुंबईचा लिज्जत पापड पाहा. 15 मार्च 1959 ला गिरगावात सात बायांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेला उद्योग. पीठ केंद्रावर मळतात, बाई ते घरी नेऊन लाटते, पापड परत आणते, तो तोलला जातो आणि मजुरी मिळते. बाई तिथे मजूर नाही, सभासद आहे, नफ्यात तिचा वाटा आहे. काम घरीच, पण तोलकाटा सर्वांसमोर. मेडशीत पाच-सात बायांना एवढे जमणार नाही असे आम्हाला वाटत नाही. गटाच्या नावाने विकलेल्या मालाला वस्तीची सीमाही जरा सैल पडते.

आमचे मत विचाराल तर तरुण मुला-मुलींनी आधी काही वर्षे अपडाऊन करावेच. शहर कळते, कसब पक्के होते, उधारी कशी वसूल करतात ते दुसऱ्याच्या गल्ल्यावर फुकट शिकता येते. मासिक पास काढावा. वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवसांचा प्रवास होतो, तरी कित्येक जण रोज तिकीट फाडतात. मग घरी धंदा मांडावा. आणि मांडला तर राबणाऱ्या बाईच्या नावाने मांडावा. उद्यम नोंदणी तिच्या नावाची, बँकेचे खाते तिचे. ही नोंदणी फुकट होते. त्यासाठी शासनाला एक रुपयाही द्यावा लागत नाही.

पैशावरून आठवले. मोबाईलवर घरबसल्या पेन्सिल पॅकिंगची जाहिरात येते. आमच्या ओळखीच्या एका घराने नोंदणीचे म्हणून दीड हजार भरले, मग माल पाठवण्याचे आणखी मागितले, मग फोन बंद. काम देणारा आधी पैसे मागत असेल तर ते काम नव्हे. फसगत झाली तर लगेच 1930 या क्रमांकावर कळवावे, उशीर केला तर पैसे हाती लागत नाहीत.

आमच्या घरी आता मशीनच्या वरच्या भिंतीवर खडूने वेळ लिहिली आहे : सकाळी 11 ते सायंकाळी 5. तरी रात्री नऊला कोणी तरी "ताई, उद्या साखरपुडा हाय वो" म्हणत येतेच. अशा कामाला तिने ज्यादा दर ठेवला आहे आणि वहीत त्याची वेगळी ओळ आहे. मजुरीची ओळ तर सर्वांत वर. सकाळचे पाणी आणि आईचे औषध आमच्याकडे आले. त्यामुळे साडेआठची गाडी आठवड्यातून एखादे वेळी चुकते, आणि कचेरीत साहेबांचे बोलणे खावे लागते.