ड्रायसूटमधले गार पाय: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आइसलंडच्या थिंगवेल्लिर राष्ट्रीय उद्यानात सिल्फ्रा नावाची पाण्याने भरलेली भेग आहे. लांगयोकुल हिमनदीचं वितळलेलं पाणी लाव्हाच्या खडकांतून वर्षानुवर्षं झिरपत तिथे पोचतं. ते काचेसारखं नितळ असतं आणि बाराही महिने २ ते ४ अंश सेल्सिअस. तारकर्लीच्या कोमट समुद्रात डायव्हिंग शिकलेल्यांनाही इथे ड्रायसूट चढवावा लागतो. तरीही पाय गारठतात. कारण पायांची ऊब दोन गोष्टींवर टिकते: सूटमधली स्थिर हवा आणि बोटांपर्यंत पोचणारं रक्त.

गैरसमज: ड्रायसूट घातला की थंडी वाजत नाही.
वस्तुस्थिती: ड्रायसूट पाणी अडवतो. पातळ कापडाच्या सूटला स्वतःची ऊब जवळजवळ नसतेच. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. तिला रोखते ती आतल्या कपड्यांत अडकलेली हवा.

गैरसमज: जितके मोजे जास्त, तितके पाय गरम.
वस्तुस्थिती: कोंबलेल्या मोज्यांमधली हवा निघून जाते, पाय आवळला जातो आणि रक्त नीट फिरत नाही. घाम शोषून बाहेर सोडणारा एक पातळ मोजा, त्यावर जाड लोकरीचा मोजा आणि बोटं मोकळी हलतील असा बूट पुरतो. सुती मोजे नकोत. ते घाम धरून ठेवतात.

गैरसमज: सूटमध्ये भरपूर हवा भरली की पाय गरम राहतात.
वस्तुस्थिती: पाण्यात उभं असताना पाय सर्वांत खोल असतात. तिथे दाब जास्त, म्हणून हवा खांद्यांकडे सरकते आणि सूट पोटऱ्यांना चिकटतो. आडवं पोहलं की हवा सारखी पसरते. मात्र हवा जास्त झाली आणि पायांत साठली, तर पाय वर अन् डोकं खाली होतं. हवा सोडायचा व्हॉल्व्ह बहुधा दंडावर असल्याने ती बाहेर पडत नाही आणि डायव्हर आवरता न येणाऱ्या वेगाने वर जाऊ शकतो.

गैरसमज: पाय गार पडले, तर उपाय पायांवरच करायचा.
वस्तुस्थिती: धड थंड पडू लागलं की शरीर हृदय आणि मेंदू जपण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं. म्हणून अंगातले गरम कपडे आणि डोक्यावरचं हूड पायांसाठीही तितकंच गरजेचं. काठावर तयार होताना गार दगडावर उभं न राहता चटई घ्या. डायव्हिंगआधी ब्रँडीचा घोट नकोच. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरतात आणि उष्णता अधिक निसटते.

गैरसमज: पाय बधिर झाले तरी थोडं सोसायचं.
वस्तुस्थिती: बधिर पायांनी फिन नीट मारता येत नाहीत. शिवाय वर आल्यावर राहिलेला बधिरपणा थंडीचा की डीकॉम्प्रेशन आजाराचा (दाब कमी होताना शरीरात वायूचे बुडबुडे होण्याचा), हे ओळखणं अवघड जातं. बोटांची जाणीव कमी होऊ लागताच जोडीदाराला खूण करा आणि सावकाश वर या. त्यात कमीपणा नाही.