मैदानावरचा शिकाऊ कामगार

व्याख्यान सुरू होण्यापूर्वी एका वडीलधाऱ्या श्रोत्यांनी आम्हांला गाठून विचारले, "तुम्ही युनियनची माणसे. फुटबॉलशी तुमचा संबंध काय? आणि लाखांनी पैसा मिळवणाऱ्या खेळाडूंना संघटना हवी तरी कशाला?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आरंभीच देतो. जो आपली मेहनत विकून पोट भरतो, आणि ती मेहनत कोठे व किती काळ विकायची हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती पुरता नसतो, तो कामगार. पगार किती, हा पुढला प्रश्न. या व्याख्येत फुटबॉलचा धंदेवाईक खेळाडू बसतो की नाही, हे त्या खेळाच्या माहेरी, इंग्लंडात, काय घडले त्यावरून पाहू. पण आमचा खरा विषय खेळाडू नव्हे. खेळाडू होण्यासाठी ज्याला लहानपणीच मैदानावर आणून सोडतात, त्या मुलाविषयी आम्हांला बोलायचे आहे.

इंग्लंडात पैसे घेऊन फुटबॉल खेळण्यास १८८५ साली मान्यता मिळाली, आणि १८८८ साली फुटबॉल लीग निघाली. मालकांनी लवकरच दोन नियम केले. पहिला १८९३ चा. खेळाडूची नोंदणी क्लबच्या हाती राहील. कराराची मुदत संपली तरी क्लबने सोडल्यावाचून त्याला दुसरीकडे खेळता येणार नाही. दुसरा १९०१ चा. कितीही मोठा खेळाडू असला तरी आठवड्याला ४ पौंडांहून अधिक पगार नाही. म्हणजे क्लब पगार देईना तरी खेळाडूने दुसरे दार ठोठावायचे नाही, आणि ठोठावलेच तरी तेथेही तोच पगार. आमच्या कारखान्यांतल्या कोणत्याही मालकाला हेवा वाटावा अशी ही व्यवस्था होती.

तिच्याविरुद्ध उभा राहिला तो बिली मेरेडिथ. वेल्समधल्या खाणीच्या गावचा हा मुलगा बाराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत कामाला लागला, आणि पुढे त्या काळचा सर्वांत नामांकित खेळाडू झाला. त्याच्या आणि चार्ली रॉबर्ट्सच्या पुढाकाराने २ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात खेळाडूंची संघटना स्थापन झाली. १९०९ साली फुटबॉल असोसिएशनने फर्मावले की, संघटना सोडा, नाही तर खेळ सोडा. पुष्कळांनी माना तुकविल्या. मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंनी तुकविल्या नाहीत. त्यांनी 'बहिष्कृत फुटबॉल क्लब' अशी पाटी पुढे ठेवून आपले छायाचित्र काढून घेतले. अखेर संघटनेला मान्यता मिळाली, पण इतर कामगार संघटनांच्या महासंघाशी असलेले नाते तिला तोडावे लागले. १९१२ साली किंगबी या खेळाडूचा दावा कोर्टात फेटाळला गेला, आणि संघटना कर्जात बुडण्याच्या बेतास आली. चळवळीचा पहिला डाव बहुधा असाच जातो. आम्हांला त्याचे नवल वाटत नाही.

पुढे पन्नास वर्षांनी दिवस पालटले. पगाराची कमाल मर्यादा सरकत सरकत १९५८ साली २० पौंडांवर आली होती. उन्हाळ्यात ती १७ पौंड होई. मैदानात मात्र तीस-चाळीस हजार प्रेक्षक तिकीट काढून बसत. फुलहॅमचा खेळाडू जिमी हिल संघटनेचा अध्यक्ष होता. त्याने गावोगाव सभा घेतल्या. त्यांपैकी एका सभेची हकिकत फुटबॉलच्या लोकांत अजून सांगतात. एक तरुण खेळाडू उठला आणि म्हणाला, माझे वडील खाणीत राबतात आणि माझ्याहून कमी मिळवतात. मग मी जास्त का मागावे? यावर बोल्टनचा टॉमी बँक्स, जो स्वतः खाणीत काम करून आलेला होता, त्याने शांतपणे उत्तर दिले. खाणीचे काम कठीण, हे मला ठाऊक आहे. पण उद्या तुझ्या वडिलांना कोळसा फोडताना पाहायला तीस हजार माणसे येणार नाहीत. मी स्टॅन्ली मॅथ्यूजला अडवताना पाहायला येतील. सभेचे मत तेथेच ठरले. संपाची तयारी पाहून १८ जानेवारी १९६१ रोजी मालकांनी कमाल पगाराची अट सोडली, आणि जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड मिळू लागले.

नोंदणीची बेडी मात्र राहिली होती. जॉर्ज ईस्टहॅमला न्यूकॅसल क्लब सोडायचा होता, क्लब सोडीना. तेव्हा तो खेळ सोडून दक्षिणेकडे बुचाच्या व्यापारात नोकरीला राहिला. अखेर १९६० साली त्याला आर्सेनलकडे जाता आले, तरीही संघटनेच्या पाठिंब्याने त्याने दावा चालविला, आणि १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही अडवणूक धंद्याच्या स्वातंत्र्याला बाधक ठरविली. शेवटचा घाव बेल्जियमच्या जाँ-मार्क बॉसमनने घातला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले की, करार संपल्यावर दुसऱ्या सदस्य देशातील क्लबकडे जाणाऱ्या युरोपीय खेळाडूसाठी जुन्या क्लबला मोबदला मागता येणार नाही. या दाव्यात बॉसमनची स्वतःची खेळण्याची वर्षे वाया गेली. फायदा पुढल्यांना झाला. आज ज्या पगारांचा हेवा वाटतो, त्यांच्या पायाशी ही माणसे आहेत.

येथे कोणी म्हणेल, हे पैशाचे झाले, कोचिंगचे काय? दोन्ही गोष्टी एकाच घरच्या आहेत. इंग्लंडात फार दिवस अशी समजूत होती की फुटबॉल शिकवावा लागत नाही, तो अंगातच असावा लागतो. १९४६ साली वॉल्टर विंटरबॉटम यांना प्रशिक्षणाचे संचालक नेमले, तेव्हा जुन्या क्लबांनी नाके मुरडली. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी हंगेरीने वेंब्लीवर इंग्लंडला ६–३ असे हरविले आणि डोळे उघडले. त्याच काळी लंडनच्या वेस्ट हॅम क्लबाजवळ कसेटारीचे छोटे हॉटेल होते. सराव संपला की माल्कम ॲलिसन, नोएल कँटवेल, डेव्ह सेक्स्टन यांसारखे खेळाडू तेथे बसत, आणि मीठ-मिऱ्याच्या डब्या टेबलावर मांडून डाव समजावून घेत. त्यांतले कितीतरी पुढे नामवंत प्रशिक्षक झाले. १९६६ साली जगज्जेत्या इंग्लंडचा कप्तान असलेला बॉबी मूर याला लहानपणी ॲलिसननेच घडविले. संघटनेचा अध्यक्ष जिमी हिलही प्रशिक्षणाची परीक्षा उतरलेला होता. ज्याला आपल्या श्रमाची किंमत कळते, त्याला आपली विद्याही मिळवाविशी वाटते. रात्री कंदिलाशी बसून शिकलेल्या आमच्यासारख्यांना ते हॉटेल शाळेइतकेच थोर वाटते.

आता मुलाकडे वळू. पूर्वी इंग्लंडात पंधरा वर्षांचा मुलगा क्लबात येई, तो 'मैदानावरचा पोरगा' म्हणून. त्याने मोठ्यांचे बूट पुसायचे, प्रेक्षकांच्या पायऱ्या झाडायच्या, कुंपण रंगवायचे आणि वेळ उरला तर खेळायचे. १९६० साली त्याला रीतसर शिकाऊ उमेदवाराचा दर्जा मिळाला. आज मोठ्या क्लबांच्या अकादम्या नऊ वर्षांखालील गटापासून मुलांची नोंदणी करतात. वर्षा-दोन वर्षांनी निर्णय होतो, ठेवायचा की सोडायचा. सोळाव्या वर्षी दोन वर्षांची शिष्यवृत्ती, सतराव्या वर्षापासून धंदेवाईक करार करण्याची मोकळीक. या चाळणीतून वर पोचणारे अगदी थोडे. मैदाने हिरवीगार, डॉक्टर हजर, शिक्षणाचीही सोय. १९६० पूर्वीच्या पोराशी तुलनाच नको. तरीही तीन गोष्टी आम्हांला खटकतात.

पहिली निवडीची. इंग्लंडात वयाचा गट १ सप्टेंबरपासून मोजतात. त्यामुळे सप्टेंबरात जन्मलेला मुलगा आणि पुढल्या ऑगस्टात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. नवव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे केवढा! अकादम्यांत वर्षाच्या आरंभी जन्मलेल्यांची गर्दी असते, हे अभ्यासकांनी वारंवार दाखविले आहे. पाहणाऱ्याला वाटते आपण गुण निवडला. वस्तुतः त्याने उंची निवडलेली असते. चांगला कोच हे जाणतो, म्हणून तो लहानांना लहान मैदानावर, पाच-पाच जणांत खेळवितो. तेथे चेंडू प्रत्येकाच्या पायाला अनेकदा लागतो, आणि आडदांडपणाला फारसा वाव राहत नाही.

दुसरी गोष्ट भीतीची. २०१६ साली इंग्लंडातल्या एका माजी खेळाडूने धैर्य करून सांगितले की, लहानपणी प्रशिक्षकाने त्याच्यावर अत्याचार केले होते. त्यामागोमाग कितीतरी जण बोलू लागले. २०२१ साली चौकशीचा अहवाल निघाला, आणि १९९५ नंतरच्या काळात असोसिएशनने पावले उचलण्यास फार विलंब केला, असा ठपका त्यात आहे. ही मुले वर्षानुवर्षे गप्प का राहिली? कारण ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याच्याच हाती त्यांचे भवितव्य होते. आमच्या धंद्यात जॉबरच्या हाती भरती होती, तेव्हा हेच घडत असे. तक्रार ऐकणारा आणि कामावर ठेवणारा एकच माणूस असेल, तर तक्रार होतच नाही.

तिसरी गोष्ट हिशेबाची. २००१ पासून आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाचा नियम आहे की, खेळाडू मोबदला देऊन एका देशातून दुसऱ्या देशात गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला लहानपणी घडविणाऱ्या क्लबांत वाटावेत. नियम चांगला आहे. छोट्या क्लबाला त्याने आधार मिळतो. पण हा हिशेब यशस्वी झालेल्याचा. जो अठराव्या वर्षी घरी परतला, त्याची दहा वर्षे कोणत्या वहीत मांडायची?

आपल्याकडे हा इतिहास निराळ्या वाटेने गेला. आपल्या खेळाडूला संरक्षण होते ते नोकरीचे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा मुंबईच्या टाटा, कॅल्टेक्स अशा कंपन्यांच्या संघांतून खेळले. पी. के. बॅनर्जी ईस्टर्न रेल्वेचे. पाय थकले तरी हजेरीपटावर नाव राही, फंड जमा होई. पुढे धंदेवाईक करार आले, पैसा वाढला आणि ती नोकरी मागे पडली. मुंबईचा महिंद्र युनायटेड क्लब २०१० साली बंद झाला. २०१६ साली गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन क्लबांनी आय-लीगमधून अंग काढले. क्लब एका ठरावाने मिटतो, हे आपण पाहिले. भारतातही खेळाडूंची संघटना झाली असून बायचुंग भुतिया तिचे पहिले अध्यक्ष होते. पण तिच्या आवाक्यात मोठे खेळाडू येतात. अकादमीतले मूल कोणाच्याच यादीत नाही.

आज मुंबई, पुणे, कोल्हापूर, गोवा, जेथे जावे तेथे अकादमीची पाटी दिसते. आम्ही पाटीविरुद्ध नाही. मुलांनी खेळावे, भरपूर खेळावे. मात्र फीचा हप्ता भरण्यापूर्वी पालकांनी पाच प्रश्न विचारावेत. कोचकडे महासंघाचा परवाना कोणत्या दर्जाचा आहे? शाळेची वेळ सांभाळली जाते काय? गुडघा मोडला तर खर्च कोणाचा? कागदावर सही घेतली असेल तर मुदत किती, आणि मुलाला मध्येच सोडून जाता येते काय? आणि कोचविरुद्ध तक्रार असेल तर कोचखेरीज ती ऐकणारा कोण? यांची उत्तरे लेखी मिळत नसतील, तर हिरवे मैदान पाहून भुलू नये. एकट्या पालकाला विचारायला संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो. मग दहा पालकांनी मिळून विचारावे. संघटना म्हणजे याहून वेगळे काही नसते.

त्या वडीलधाऱ्या श्रोत्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. लाखांनी मिळवणाऱ्या खेळाडूची चिंता आम्ही करीत नाही. मेरेडिथ आणि ईस्टहॅम यांनी ती वाहिली आहे. आम्हांला चिंता आहे ती पहाटे पाचला पिशवीत बूट घालून लोकल पकडणाऱ्या बारा वर्षांच्या पोराची. तो खेळाडू होईल किंवा होणार नाही. पण शिकाऊ म्हणून ज्याला दारात घेतले, त्याला अठराव्या वर्षी रिकाम्या हाती परत पाठवू नये, ही रीत कारखान्यात आपण झगडून रुजविली. ती मैदानावरही रुजवायला हवी.